काळी चार बोलली

१

पंचफुला मुनेश्वरची पेटी बुधवारी चोरीला गेली आणि शुक्रवारी परत आली. परत आली ती दुरुस्त होऊन.

ठाण्यातल्या साहेबाला हसू आवरेना. "बाई, वस्तू मिळाली. वरून फुकटात रिपेर झाली. आता तक्रार कोणाची लिहू? देवमाणसाची?"

पंचफुला पासष्टीची बाई. कापूस वेचून बोटांच्या पेरांना चिरा गेलेल्या. ती म्हणाली, "साहेब, त्या पेटीची एक पट्टी मुकी होती. चोरानं थे बोलती केली. माही चोरी थेच झाली."

"मुकी पट्टी चोरीला गेली," साहेबाने शिपायाला सांगितलं. शिपाईही हसला. सरकारी हसू असंच असतं, वरून खाली उतरत जातं.

बाहेर बाकावर बाबूसिंग राठोड चहा पीत बसला होता. रिटायर्ड जमादार, ढाणकीजवळच्या तांड्यावरचा. नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी सकाळचा चहा ठाण्यातच घ्यायची सवय सुटली नव्हती. पंचफुला पायऱ्या उतरली तसा त्याने तिला थांबवलं.

"वहिनी, कोणती पट्टी?"

"मधल्या सप्तकातली काळी चार."

बाबूसिंगने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण ही एक पट्टी त्याला माहीत होती. ती मुकी झाली त्या दिवशी तिच्यापासून दहा हातांवर तो काठी घेऊन उभा होता.

२

सत्याण्णव सालची भीमजयंती. मिरवणूक एका गावातून चालली होती, गावाचं नाव घेऊन आता काही होणार नाही. बैलगाडीवर पंचफुलाचा नवरा उकंडा मुनेश्वर पेटी वाजवत बसलेला, बंदोबस्ताला बाबूसिंग. एका माडीवरून दगड आला. उकंडाच्या छातीवर बसायचा तो पेटीवर बसला. पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक छोटी रीड असते, तिच्यातून हवा गेली की सूर निघतो. उकंडाची पेटी साधी होती, एका पट्टीला एकच रीड. काळी चारची रीड तुटली आणि ती पट्टी कायमची मुकी झाली. दगड मारणारा बाबूसिंगला सापडला नाही. खरं सांगायचं तर त्याला तो शोधू दिला नाही. वरून निरोप आला, वाढवू नका. त्याने वाढवलं नाही.

उकंडाने पेटी कधीच दुरुस्त केली नाही. तालुक्याच्या अर्ध्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस, त्याला काय अवघड होतं? कोणी विचारलं की म्हणायचा, "दगड कुठं लागला थे ऐकू आलं पायजे." तेव्हापासून त्याने जेवढ्या चाली बांधल्या त्या सगळ्या त्या सुराला वळसा घालून. सूर चढत जातात, मधली एक पायरीच नसते, गाणं उडी मारून पुढच्या पायरीवर पडतं. ऐकणाऱ्याला वाटतं, चाल लंगडते.

त्यातलीच एक चाल 'टाचेत काटा'. अनवाणी कापूस वेचणाऱ्या बाईचं गाणं. आज ते गाणं ऐकलं नाही असा माणूस नाही. सगळ्या देशाची पोरंपोरी मोबाईलसमोर त्यावर नाचतात आणि बरोबर त्या उडीच्या जागी एका पायावर लंगडी घालतात. गायिका मैत्रा. म्हणजे ढाणकीची मैत्रेयी पाईकराव, वय चोवीस. सातव्या वर्षापासून उकंडाच्या गायन पार्टीत होती. माईकपर्यंत तोंड पोचावं म्हणून उलट्या घमेल्यावर उभी राहून गायची. आई शाळेतली खिचडी शिजवायची, बाप लवकर गेला. एकोणिसाव्या वर्षी तिने पुसदच्या एका स्टुडिओत हे गाणं म्हटलं, आणि तिथून थेट मुंबई.

गाण्याखाली लिहिलेलं असतं, संगीत : राजकुमार. हा त्या स्टुडिओचा मालक. उकंडाचं नाव कुठेच नाही. या चैत्रात तो मेला. ज्या रिक्षातून त्याला दवाखान्यात नेलं, तिच्या ड्रायव्हरच्या मोबाईलची रिंगटोन त्याचीच चाल होती.

"पोरीवर लय जीव त्याचा," पंचफुला घरी पेटी पुढ्यात ओढत सांगत होती. "तिच्यासाठी लहान पेटी बनवली, हिच्यासारखीच. दोनी पेट्या आपल्या हातानं सुरात लावल्या. दुरुस्तीले बसला का तिलेच हाक मारे. बारकी बोटं होती ना, बारके स्क्रू तीच फिरवे."

"अन् आता पेटी चोरायचं कारण?"

"मुंबईची सुरभी म्हणून पोरगी हाय. मैत्रीच्या लहानपणावर फिलिम काढून राह्यली. सनवारी इहारात शूटिंग हाय. मी तिले फोनवर सांगतलं, चाल माह्या मालकाची हाय, अन् मी दाखवतो कशी. मुकी पट्टी दाखवली असती. मंग राजकुमारले विचारलं असतं, बाप्पा, तुह्या मशिनीच्या सगळ्या पट्ट्या बोलतात, तं तुह्या गाण्यात हा एकच सूर काहून नाई?"

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"सुरभीनं सगळ्याइले विचारलं. राजकुमारले, मैत्रीच्या भावाले, आमच्या पार्टीतल्या बेबीताईले. मैत्रीलेबी."

बुधवारी पंचफुला वेचणीला गेली, परत आली तर पेटी नाही. कुलूप जसंच्या तसं. किल्ली दाराजवळच्या रांजणाखाली असते, ती तिथंच होती. शुक्रवारी सकाळी पेटी विहाराच्या पायरीवर निळ्या फडक्यात बांधून ठेवलेली.

बाबूसिंगने झाकण उघडलं. आत बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेला. त्याने नाक जवळ नेलं.

"वहिनी, या फोटोखाली काय हाय?"

"एक स्क्रू हाय. थो काढल्याबिगर आतली फळी निघत नाई."

"फोटो काढून पुन्हा लावला. आंबूस वास येऊन राह्यला."

पंचफुलाने वास घेतला. "भाताची खळ," ती हळूच म्हणाली. मग फोटोच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

३

राजकुमारचा स्टुडिओ पुसदच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावर. भिंतीवर मैत्राचा माणसापेक्षा मोठा फोटो. राजकुमारने बाबूसिंगला काचेपलीकडे बसवलं आणि बिसलेरी दिली.

"जमादार, सीधी बात करू. म्हातारीला माझ्यावर शक आहे, बरोबर?"

"तुमाले फायदा झाला."

"फायदा झालाच की. आता ती पेटी पूर्ण वाजते. कोण म्हणेल मुकी होती? चार म्हातारे म्हणतील, म्हणू देत." तो हसला, मग हसू आवरलं. "पण डोकं चालवा ना. मला पेटी नाहीशी करायची असती तर पैनगंगेत फेकली असती. परत कशाला आणतो? दुरुस्त करत कोण बसतं? आणि तुम्ही म्हणता तो भाताने चिकटवलेला फोटो. माझा माणूस असता तर टरकन फाडला असता. भात कोण शिजवतो त्याच्यासाठी?"

हा माणूस नालायक होता, पण बरोबर बोलत होता. असे लोक बऱ्याचदा बरोबर बोलतात, तेच वाईट.

"चाल कोणाची?" बाबूसिंगने विचारलं.

"कागदावर माझी आहे. आणि कागदावर साक्षीदार म्हणून सही कोणाची, माहीत आहे? मैत्राची. चाल राजकुमारने माझ्यासमोर बांधली, असं तिने लिहून दिलंय. जा, तिलाच विचारा."

४

परत येताना बाबूसिंगने मनात हिशोब मांडला. चोराला किल्लीची जागा माहीत होती. त्या घरात रोज तालीम चालायची, म्हणजे चोर पार्टीतला. चोराला बाबासाहेबांचा फोटो फाडवला नाही, म्हणजे त्यांना मानणारा. आणि पेटी मोडवली नाही. जिच्यासमोर वाकून मग बसायचं, तिच्यावर हातोडा कसा घालणार? पार्टीतले दोनच उरले होते, ढोलकी वाजवणारा अमर, म्हणजे मैत्रेयीचा भाऊ, आणि कोरस म्हणणारी बेबीताई. तिसरी मैत्रेयी स्वतः, पण ती तर शुक्रवारी दुपारी गावात आली, ढोलताशात, सगळ्यांनी पाहिलं.

बेबीताई चुलीपुढे भाकरी थापत होती. तीस वर्षं कोरसमध्ये गायली, तिचा आवाज मैत्रेयीपेक्षा खणखणीत, असं जुने लोक अजून म्हणतात. तिला कोणी मुंबईला नेलं नाही.

"माह्यावर शक घेऊन आले का?" तिने मागे न बघता विचारलं.

"घेऊ का?"

"घ्या ना. बाईवर शक घ्यायले कोणाच्या बापाची परवानगी लागते?" तिने भाकर तव्यावर टाकली. "मी चोरली असती तं कायले? उकंडा मास्तरचं नाव लागलं असतं तं माह्या जिवाले गारवाच होता. त्या पोरीनं मास्तरले इसरलं, मले इसरलं. माह्या आवाजाची पट्टी बी मुकीच राह्यली, जमादार, पण त्याच्यावर कोणी फिलिम काढत नाई."

बाबूसिंगने तिला पंचफुलाच्या घरी आणलं आणि पेटी वाजवायला लावली. बेबीताईने भाता हलवला, एकेक पट्टी दाबत गेली. काळी चारवर बोट ठेवलं आणि तसंच दाबून धरलं. सूर खोलीत भरून राहिला. तिचे डोळे भरले.

"काय झालं?"

"मास्तरच्या पेट्या जराशा चढ्या. बाजारातल्या पेटीपेक्षा केसभर वर लावे थो. बाजारातली रीड असती तं हा सूर खाली बसला असता, दातात खडा यावा तसा. हा बराबर हाय." तिने बोट काढलं. "ही रीड मास्तरनंच घासून सुरात लावली हाय."

"मास्तर चैत्रात गेला," बाबूसिंग म्हणाला.

"मले सांगता?"

बेबीताईने भाता बंद केला. मेलेल्या माणसाच्या हातची रीड बुधवार ते शुक्रवारमध्ये कुठून आली?

५

अमर पाईकरावच्या नव्या घरात दिवाणखान्याच्या मधोमध काचेचं कपाट होतं. त्यात बक्षिसं, आणि खालच्या फळीवर प्लास्टिकच्या हारात एक लहान पेटी.

"मैत्राची पहिली पेटी," अमर अभिमानाने म्हणाला. बहीण मोठी झाल्यावर त्याने ढोलकी सोडली होती, आता तिचं मॅनेजरपण करत होता. "कोणी हात लावत नाई. सुरभी मॅडमनं तिचा फोटो घेतला."

"तुमाले पेटी दुरुस्त करता येते?"

"काका, मी ढोलकीवाला. मले ढोलकीले हातोडी मारता येते, स्क्रू नाई फिरवता येत." तो मोकळं हसला. त्याच्या हसण्यात काही लपलेलं नव्हतं.

मैत्रेयी आतून आली. साधा पांढरा ड्रेस, चेहरा झोप नसल्यासारखा काळवंडलेला. बाबूसिंगला वाकून नमस्कार केला. बोलली मुंबईचं मराठी.

"पंचफुला काकूंच्या पेटीचं ऐकलं मी. वाईट झालं. म्हणजे, वाईट की चांगलं, कळत नाही."

"चाल कोणाची, मैत्रेयी?"

"ते सगळं कंपनीचे वकील बघतात, काका."

तिने चहाचा कप त्याच्या हातात दिला. कप देणाऱ्या हाताकडे बाबूसिंगने पाहिलं. तीस वर्षं तो माणसांच्या हाताकडेच पाहत आला होता, तोंडं खोटं बोलतात म्हणून. लांब नखं, निळी चमकदार, एकेकावर खडे लावलेले. हाताच्या तीन बोटांची तशी होती. अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं नख पार मुळाशी कापलेलं.

बाबूसिंगने चहा पूर्ण प्यायला.

"अमर," तो उठताना म्हणाला, "उद्या शूटिंगले ही लहान पेटीबी आण. गुरूची अन् चेलीची, दोनी जवळ ठेवू. चांगलं दिसन."

"वा काका! कायले नाई!" अमर खूश झाला.

मैत्रेयीच्या हातातली बशी खाली पडली.

६

शनिवारी दुपारी विहार गच्च भरला होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे सतरंजी, सतरंजीवर दोन पेट्या. सुरभीचा कॅमेरा चालू. राजकुमारही आला होता, गॉगल लावून, दाराशी. पंचफुला धुवट पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून. तिने ठरवलं होतं, दाखवायला काही उरलं नाही तर नुसतं बसायचं.

"बेबीताई, मोठी पेटी वाजवा," बाबूसिंग म्हणाला. "खालून वर, सगळ्या पट्ट्या."

सगळ्या वाजल्या. राजकुमारने मान डोलावली.

"आता लहान."

बेबीताईने लहान पेटीचा भाता हलवला. एकेक सूर चढत गेला. काळी चारवर बोट पडलं.

नुसती हवा. फुस्स.

तिने पुन्हा दाबली. पुन्हा हवाच आली. मागच्या बायकांमधून कोणीतरी "अगं माय" म्हणालं.

"मेलेला माणूस रीड घासत नाई," बाबूसिंग म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता. "म्हणून घासलेली जुनी रीड कुठं हाय थे पाहाचं होतं. मास्तरनं सारख्या सुरात लावलेल्या पेट्या दोनच. चोराले बाजारातून रीड आणता आली असती. पण चोराचा कान मास्तरनं तयार केला होता. परका सूर त्याच्यानं मास्तरच्या पेटीत बसवला गेला नाई. त्यानं आपल्याच पेटीतली काढली. कपाटातल्या पेटीले कोण वाजवते? चोर तिथंच चुकला. बारके स्क्रू फिरवाले बारकी बोटं लागतात, अन् बोटाले लांब नख असलं तं स्क्रू धरता येत नाई."

अमरने बहिणीच्या हाताकडे पाहिलं. आणि मग तोंड फिरवलं.

"तुम्ही शुक्रवारी आलात," सुरभी गोंधळून म्हणाली.

"बुधवारी आली," मैत्रेयी म्हणाली. "काळ्या काचाच्या गाडीत, तोंड बांधून. अमरदादा वेचणीच्या मजुराइले घेऊन वावरात होता. त्याले मी म्हटलं, कोणाले सांगू नको, जरा झोपाचं हाय. त्याले काईच माहीत नाई." मुंबईचं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "संध्याकाळलोक ठेवून देईन म्हटलं होतं. स्क्रू गंजेल होते. निघता निघेना."

पंचफुला उठली. हळूहळू येऊन तिच्यासमोर बसली. "मैत्रे, कायले केलं?"

"काकू, मी एकोणीसची होती. राजकुमार म्हणे, सही कर, नाही तं गाणं डब्यात. मी सही केली का चाल त्यानं माह्यासमोर बांधली. आता मुकी पट्टी दुनियेनं पाह्यली असती तं मी खोटी साक्षीदार. कंपनी मले उभी नसती करत." तिने लहान पेटीकडे पाहिलं. "मले वाटलं, मी काई नेत तं नाई. माहा सूर देऊन राह्यली. देल्ला तं चोरी कशी?"

"थो सूर त्यानं तुले देल्ला होता," पंचफुला म्हणाली. "त्यानं स्वतःले ठेवला नाई, तुले देल्ला. तू त्याले वापस केला, अन् त्याच्या बदल्यात त्याचा दगड नेला. त्याच्यापाशी दुसरं व्हतं काय?"

मैत्रेयी रडली नाही. रडली असती तर सोपं झालं असतं, लोक माफ करून घरी गेले असते.

"मले माफी नको," पंचफुला म्हणाली. "रडणं नको. त्याचं नाव घे. इथं, ह्या मशिनीपुढं."

"मॅडम, कॅमेरा बंद करा," राजकुमार दारातून ओरडला. "मैत्रा, नाव घेतलं तर गाणं राहणार नाही, लक्षात ठेव. कागद माझ्याकडे आहे!"

सुरभीने कॅमेरा बंद केला नाही.

मैत्रेयीने पर्समधून एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. अजून तिथेच होता. तिने मोठ्या पेटीचं झाकण उघडलं, बोट पाण्यात बुडवून फोटोच्या कडा भिजवल्या, फोटो सोडवून पंचफुलाच्या ओंजळीत दिला. फळी काढली. दोन स्क्रू फिरवले. रीड तळहातावर आली, बोटाच्या पेराएवढी. मग पट्टी दाबली. हवा.

"ही चाल उकंडा मुनेश्वर मास्तरनं बांधली," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "ह्या मुक्या पट्टीवरून बांधली. मी खोटी सही केली होती."

रीड तिने कुठल्याच पेटीत बसवली नाही. मूठ मिटून उठली आणि गर्दीतून बाहेर निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही आणि हातही कोणी लावला नाही.

७

सुरभीने तो तुकडा त्याच रात्री नेटवर टाकला. गाण्याखाली कोणीतरी नाव बदललं, संगीत : उकंडा मुनेश्वर. पंचफुलाला वाचता येत नाही. बेबीताईच्या सुनेने अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा ती त्या अक्षरांचं ठिकाण पाठ करून बसली. रोज मोबाईल मागून घ्यायची आणि तिथे बोट ठेवायची.

अकरा दिवस.

बाराव्या दिवशी राजकुमारची नोटीस पोचली आणि कंपनीने गाणंच उतरवलं. वाद मिटेपर्यंत म्हणे. वाद मिटायला किती वर्षं लागतात ते विचारायला पंचफुला ठाण्यात गेली नाही, तिथलं हसू तिने पाहिलं होतं. मैत्राचा नवा करार मोडला. ती कुठे आहे ते अमरही सांगत नाही, किंवा त्यालाही माहीत नाही. पोरांनी लंगडी घालायला दुसरं गाणं धरलं. त्यांना काय, एका पायावर नाचायला कोणतंही गाणं चालतं.

बाबूसिंग एका सकाळी ठाण्याऐवजी पंचफुलाच्या दारात चहाला आला. ती पेटी पुसत होती. फोटो पुन्हा भाताच्या खळीने लावला होता, आधीसारखाच थोडा तिरपा.

"नाव लागलं अन् गाणं गेलं," तो म्हणाला. "मी काई चांगलं केलं का वाईट, समजत नाई."

"तुमचं काम तुमी केलं, जमादार. अठ्ठावीस वर्षं उशिरा केलं." ती पुसत राहिली. "थो दगडवाला तं सापडलाच नाई."

"नाई," बाबूसिंग म्हणाला. माडी कोणाची होती हे त्याला तेव्हाही माहीत होतं. आता त्याने ते सांगितलं. नाव, आडनाव, सगळं. पंचफुलाने ऐकलं. मान हलवली नाही, आश्चर्यही केलं नाही.

मग तिने भाता हलवला आणि चिरलेल्या एका बोटाने 'टाचेत काटा' वाजवायला लागली. तिला पेटी येत नाही, नवऱ्याचं पाहून पाहून एवढंच. सूर चढत गेले. उडीच्या जागी ती थांबली. उकंडा तिथे उडी मारायचा. तिने मारली नाही. काळी चार दाबली, दाबून धरली, आणि आतली हवा संपेपर्यंत ती दोघं ती हवा ऐकत बसली.